मंगळवारचा सलाम

"गाडी थांबली तवा काईच चोरीले नाई गेलं, भाऊ. अन् चोरी झाली तवा गाडी थांबलीच नोती. मंग माह्या माणसाले काऊन धरलं?"

बुधरीनं हा प्रश्न नानाजी वासेकरांच्या ओसरीवर उभ्या उभ्या विचारला. पळसघाट स्टेशनपासून चांद्यापर्यंत पाच मैल ती पायी आली होती. बुधवारचे नऊ वाजले होते.

नानाजींनी तिला पाणी दिलं, बसायला सांगितलं. नागपूरच्या वकिलांसाठी रेल्वेच्या दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. आता ते चांद्यात स्वतःचं तेच काम करत. त्यांचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर बापूजी, पेन्सिलीला टोक करत खाटेवर बसले होते. नानाजी कुठंही निघाले की बापूजी वही घेऊन मागोमाग निघत. एखादी गोष्ट त्यांना दिसायची सगळ्यांच्या आधी आणि कळायची सगळ्यांच्या नंतर.

"सुरुवातीपासून सांग, बाई," नानाजी म्हणाले.

बुधरीचा नवरा चैतू पळसघाटला पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे आणि सिग्नल सांभाळणारा. दिल्लीहून मद्रासला जाणारी एक्सप्रेस, इकडे सगळे तिला मेल म्हणत, त्या जंगलातल्या स्टेशनवर थांबत नसे. फक्त वेग कमी करी. सोमवारी ती अशीच निघून गेली आणि बल्लारशाहला एका साहेबानं तक्रार दिली, की पळसघाटला गाडी हळू झाली तेव्हा खिडकीतून आपली नकाशांची नळी कोणीतरी ओढून नेली. मंगळवारी तीच मेल पळसघाटला अकरा मिनिटं अडकली. त्या दिवशी मात्र कोणाचं काही गेलं नाही. दुपारी पोलीस आले आणि त्यांनी चैतूला धरलं.

"शिपाई म्हणे, सकाऊन चारच्या गाडीनं चांद्याले नेऊ. म्हणजे आजच, भाऊ. एकदा बेडी घालून नेलं, का नोकरी गेली. क्वार्टर गेलं. मंग आमी कुठी जाऊ?"

नानाजींनी घड्याळ पाहिलं. पॅसेंजर सव्वाचारला होती.

"बापूजी, वही घ्या."

बांबूच्या ट्रकमध्ये बसून ते साडेअकराला पळसघाटला पोचले. फलाट, त्यामागं स्टेशन मास्तरची खोली, दिव्यांची खोली, दोन क्वार्टरं आणि मालगाडीसाठी एक सायडिंग, एवढंच ते स्टेशन. बाकी चारी बाजूंना साग आणि फुललेला पळस.

सब-इन्स्पेक्टर घोरपडे फलाटावरच्या बाकावर बसले होते. नवं मुंबई राज्य झाल्यावर पुण्याकडचे बरेच अधिकारी विदर्भात आले, त्यांतले ते एक. माणूस सरळ, पण वैतागलेला.

"नानाजी, या प्रकरणात तुमच्यासाठी काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "धावत्या गाडीच्या हाताच्या अंतरावर या स्टेशनात एकच माणूस उभा असतो."

ते खरं होतं. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला स्टेशन मास्तरच्या यंत्रातून निघणारा पोलादाचा एक गोळा द्यावा लागतो. तो गोळा चामड्याच्या पिशवीत असतो आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. पॉइंट्समन कडं उंच धरून रुळाजवळ उभा राहतो, फायरमन धावत्या इंजिनातून त्यात हात घालून ते उचलतो. गोळ्याशिवाय गाडी पुढं जाऊ शकत नाही.

"आणि काल?" नानाजींनी विचारलं.

"काल फायरमननं नियमाप्रमाणं पिशवी उघडली. गोळ्यावर स्टेशनचं नाव असतं, ते वाचायचं असतं. आत हा निघाला."

घोरपड्यांनी रुमालातून एक दगड काढला. काळसर तांबूस, संत्र्याएवढा. नानाजींनी तो हातात घेतला आणि त्यांचा हात खाली गेला.

"लोखंडाचा दगड आहे," ते म्हणाले.

"सूरजागडचा. सायडिंगला अशा दगडांच्या बारा पेट्या पडल्यात. करंदीकर साहेबांच्या खनिज सर्वेक्षणाच्या. सोमवारी नळी गेली ती त्यांचीच. तीन महिन्यांच्या कामाचा नकाशा होता, मद्रासला तज्ज्ञांच्या बैठकीत द्यायचा. चैतूची टोळी असणार. सोमवारी एक हात मारला, मंगळवारी गाडीच थांबवली. साथीदार घाबरले म्हणून काल काही गेलं नाही."

"खरा गोळा कुठं मिळाला?"

"वाळूच्या बादलीत. आणि कोणाला मिळाला? चैतूला. लपवणाऱ्यालाच सापडणार."

"तक्रार पाहू?"

घोरपड्यांनी कागद दिला. नानाजींनी वाचून तो बापूजींकडं सरकवला. 'गाडी पळसघाटजवळ जंगलात थांबली असता' असं लिहून 'थांबली' खोडलं होतं आणि वर 'मंदावली' केलं होतं.

"कसं वाटतं अक्षर, मास्तर?"

"छान आहे," बापूजी म्हणाले. "बोरू-वळणाचं. ओळी कशा पट्टीनं आखल्यासारख्या. फक्त ती खाडाखोड पेन्सिलीनं आहे आणि ती थरथरलीय. एवढ्या सुंदर पानाचा नास केला."

नानाजींनी मान हलवली आणि कागद परत दिला.

"जरा सगळ्यांशी बोलतो. चालेल ना?"

"बोला. पण इथं कोणाकडून धड उत्तर मिळेल ही आशा सोडा. चार महिने भोगतोय मी. गेल्या आठवड्यात पहाटे गस्तीवरून येताना धोब्याच्या घराशी थांबलो. म्हटलं, सकाळी कपडे घेऊन ये. गडी उगवला दुसऱ्या दिवशी. वर मलाच म्हणतो, तुमीच सांगितलं साहेब."

बापूजी हसले. धोबी सगळे सारखेच, असं त्यांच्या मनात आलं.

स्टेशन मास्तर रामाजी येरणे खोलीत घाम पुसत बसले होते. चैतू गेला तर पुढची चौकशी आपलीच, हे त्यांना ठाऊक होतं.

"दहा वाजता यंत्रातून गोळा काढला," ते म्हणाले. "पिशवीत घातला, पट्टा लावला, कडं दाराबाहेरच्या खुंटीवर टांगलं. रोजचंच आहे. चैतू सिग्नल पाडून येतो आणि कडं घेऊन रुळाजवळ जातो. मधे पाचेक मिनिटं ते खुंटीवर असतं."

"त्या पाच मिनिटांत फलाटावर कोण होतं?"

"कोणीच नाही. म्हणजे, तो साहेबाचा चपराशी झाडू होता. पेट्यांना मालगाडीच्या वाघिणी मिळेपर्यंत त्याला इथं ठेवलंय. काल सदरा घालून, फेटा बांधून खांबाजवळ उभा होता. परवा सोमवारी मेल गेली तेव्हा मात्र पेट्यांमागं चूल फुंकत होता, मानसुद्धा वर केली नाही."

"साहेब या स्टेशनावर बसले होते कधी?"

"रविवारी दिवसभर. पेट्या आणल्या तेव्हा. फार चौकस माणूस. यंत्र कसं चालतं, पिशवी कोण उघडतो, सगळं विचारून घेतलं. रात्री इथंच झोपले, सोमवारी पहाटे चारला ट्रकनं चांद्याला गेले मेल पकडायला."

चैतूला दिव्यांच्या खोलीत बसवलं होतं. चाळिशीचा, बारीक, शांत माणूस. पुढ्यात भाताचं मडकं होतं.

"हे कोणी दिलं?"

"झाडूनं, मालक. काल बी त्यानंच देल्लं. स्वतः जेवला नाई तो."

"गोळा बादलीत आहे हे तुला कसं कळलं?"

"फलाट म्याच झाडतो. बादलीखाली वाळू सांडली होती. म्या झाडलं तवा नोती."

नानाजींनी खुंटीवरचं रिकामं कडं काढून त्याच्या हातात दिलं. "डोळे मिट. पिशवीत काही आहे का?"

चैतूनं डोळे मिटायच्या आधीच मान हलवली. "रिकामी पिशवी हातात फडफडते, मालक. भरली असली का मनगटाले समजते. मले वाचता येत नाई, मी वजनावर चालतो. काल वजन बराबर होतं. म्हणून त फसलो."

झाडू सायडिंगच्या सावलीत पेट्यांजवळ उकिडवा बसला होता. एटापल्लीकडचा, पन्नाशीचा. बापूजींनी पेटीचं फळकूट उचलून आतला एक दगड चितारायला घेतला. गोल, गुळगुळीत, कोपरा म्हणून नाही. काढायला सोपा. पेटीवर रंगानं लिहिलं होतं, 'डोंगरमाथा'.

"एवढे दगड फोडायचे म्हणजे हात भरून आले असतील," नानाजी म्हणाले. "हातोडा कुठं आहे?"

"हातोडा नाई लागला, मालक."

"काल फलाटावर सदरा घालून काऊन उभा होतास?"

"साहेबाले सलाम कराले."

मागं येऊन उभे राहिलेले घोरपडे हसले. "साहेब सोमवारच्या मेलनं गेले, बाबा. तू मंगळवारच्या मेलला सलाम ठोकलास. बघा, नानाजी. वारही कळत नाही."

झाडूनं खाली पाहिलं. त्याच्या हातातली काडी मोडली.

"साहेब गेले तवा तुले काय म्हणले?" नानाजींनी हळू विचारलं.

"म्हणले... पेट्या पाह्यजो. मी मेलनं जातो." तो थांबला. "दुसरं काई नाई. मले काई मालूम नाई, मालक."

त्याची नजर नानाजींच्या खांद्यावरून मागं गेली होती. काल पोलिसांबरोबर परत आलेले करंदीकर क्वार्टरच्या व्हरांड्यात उभे होते. गोरे, नीटनेटके, हातात टोपी. पायांत तपकिरी बूट, पॉलिश केलेले. बापूजींना ते बूट आवडले, म्हणून त्यांनी ते वहीत काढून घेतले. शिवणसुद्धा उसवलेली नव्हती.

"हे खाजगी गृहस्थ इथं कशासाठी?" करंदीकरांनी घोरपड्यांना विचारलं. "माझं तीन महिन्यांचं काम गेलंय. मद्रासला काय सांगू मी? या माणसाला लवकर हलवा आणि मला मोकळं करा."

साडेतीन वाजले. दूर चांद्याच्या दिशेनं कुठंतरी झाडं तोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. शिपायानं बेडी काढून पुसायला घेतली. बुधरी दिव्यांच्या खोलीच्या दाराशी बसली होती. ती रडत नव्हती. नुसती बेडीकडं पाहत होती.

बापूजींनी नानाजींची बाही ओढली. "अहो, गाडीला पाऊण तास राहिला. काही सुचतंय का?"

"मास्तर, ते तुम्ही केव्हाच वहीत काढून ठेवलंय," नानाजी म्हणाले. "सगळ्यांना आत बोलवा. एक कोरा कागद फाडून ठेवा."

स्टेशन मास्तरच्या खोलीत दाटी झाली. चैतू दोन शिपायांच्या मधे, झाडू कोपऱ्यात. करंदीकरांना खुर्ची दिली. नानाजी टेबलाला टेकून उभे राहिले. टेबलावर पोलादाचा गोळा आणि तो दगड शेजारी शेजारी होते.

"पहिली गोष्ट," नानाजी म्हणाले. "ज्यानं गोळा काढला, त्यानं पिशवीत दगड का घातला? पिशवी रिकामी का ठेवली नाही?"

"ड्रायव्हरला शंका येऊ नये म्हणून," घोरपडे म्हणाले.

"फायरमन पिशवी उघडणारच होता. त्यानं उघडावी आणि गाडी थांबावी, हाच तर बेत होता. इंजिनातल्या माणसांना फसवायची गरजच नव्हती. कडं हातात धरणारा एकच माणूस आधी ओळखू शकत होता, पिशवी रिकामी आहे म्हणून. तो म्हणजे चैतू. हा दगड चैतूच्या मनगटाला फसवण्यासाठी होता. चैतूनंच हे केलं असतं, तर स्वतःच्या मनगटाला फसवायला तो दगड कशाला शोधत बसला असता?"

घोरपड्यांनी गोळा उचलला, मग दगड. दोन्ही तोलून पाहिले.

"दुसरी गोष्ट तक्रारीची. सोमवारी गाडी थांबली नाही, हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग सोमवारच्या तक्रारीत आधी 'थांबली' कसं आलं? आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी पाहिलं, की ओळी पट्टीनं आखल्यासारख्या आहेत आणि खाडाखोड तेवढी थरथरलेली. धावत्या गाडीत ओळी अशा येत नाहीत. मजकूर आधीच टेबलाशी बसून लिहिला. दुरुस्ती गाडीत केली. ज्यानं लिहिलं त्याला रविवारीच ठाऊक होतं, की सोमवारी पळसघाटला मेल थांबणार आहे. आणि ती थांबली नाही, तेव्हा त्याला पेन्सिल काढावी लागली."

करंदीकर ताठ बसले. "लिहिण्यातली चूक आहे ती. मी झोपेत होतो."

"असेल. पण मग मंगळवारचं काय? सोमवारी थांबायची गाडी मंगळवारी थांबली. बेत करणारा एक, हात दुसऱ्याचा, आणि दोघांमधे एका दिवसाची चूक. घोरपडे साहेब, ही चूक कुठं झाली ते तुम्हीच मला सांगितलंत."

"मी?" घोरपडे म्हणाले.

"तुमचा धोबी. पहाटे तुम्ही त्याला म्हणालात, सकाळी ये. तुमच्याकडं सकाळ म्हणजे उजाडल्यावरची वेळ. आमच्याकडं सकाळी म्हणा, सकाऊन म्हणा, त्याचा अर्थ उद्या. तुमच्याच शिपायानं काल बुधरीला सांगितलं, सकाऊन चारच्या गाडीनं नेऊ. सकाळी चारची गाडी इथं नाहीच. तिनं बरोबर ओळखलं, की आज दुपारची."

बापूजींनी कानाची पाळी चोळली. हा शब्द ते स्वतः दिवसातून दहादा बोलत. म्हणूनच तो त्यांना ऐकू आला नव्हता.

"सोमवारी पहाटे चारला एका साहेबानं झोपलेल्या चपराश्याला उठवलं," नानाजी पुढं म्हणाले. "त्याच्या हातात एक दगड दिला आणि सांगितलं, सकाळी मेलच्या आधी हा पिशवीत घाल. चपराशी म्हणाला, हाव. त्याच्या हिशेबानं सोमवार तर उगवत होता, सकाळी म्हणजे मंगळवार. म्हणून सोमवारी तो निवांत चूल फुंकत बसला. आणि मंगळवारी सदरा घालून, साहेब गाडीत आहे असं समजून, सलाम कराले उभा राह्यला." ते कोपऱ्याकडं वळले. "झाडू, चैतूले भात देऊन राह्यला तू दोन दिवस. त्यानं त्याची बेडी निघणार नाई. बोल."

झाडू उठला. हात जोडावे का सोडावे हे त्याला कळत नव्हतं.

"साहेब म्हणले, मले इथी गाडी थांबवून एक पेटी घ्याची हाय. वरून परवानगी हाय, कोणाले सांगू नको. गोळा वाळूत ठेव, चैतूले भेटनच. मी केलं, मालक. गाडी थांबली, मी सलाम केला, त साहेब डब्यात नाई. काल पोलिसायसंगं आले अन् मले म्हणले, तोंड उघडलं त तूच जाशीन." तो चैतूकडं वळला. "भाऊ, मले वाटलं तुले सोडतीन."



"बनाव आहे हा," करंदीकर म्हणाले. आवाज अजून ताब्यात होता. "माझाच नकाशा मी का चोरीन? माझं नाव झालं असतं त्यावर."

"तीच तिसरी गोष्ट. बापूजी, साहेबांचे बूट दाखवा."

बापूजींनी वही पुढं केली. एका पानावर बूट, दुसऱ्यावर दगड.

"सूरजागडच्या चढावर तीन महिने चालणाऱ्याचे बूट असे राहत नाहीत," नानाजी म्हणाले. "आणि डोंगरमाथ्यावरचा दगड हातोड्यानं फोडून काढावा लागतो, त्याला धारा असतात. या पेट्यांतले दगड पाण्यानं घासून गोल झालेत. नाल्यातले आहेत. झाडू म्हणाला, हातोडा लागला नाही. साहेब, तुम्ही डोंगर चढलाच नाहीत. नकाशा बंगल्यात बसून काढला, आणि मद्रासला तो तज्ज्ञांपुढं ठेवायची वेळ आली तेव्हा तो नाहीसा होणं भाग होतं. जंगलात थांबलेली गाडी आणि एक अंगठेबहाद्दर पॉइंट्समन. तुमच्या मते त्याला विचारणारं कोणी नव्हतं."

"सिद्ध करा."

"मी नाही. तुम्हीच." नानाजींनी कोरा कागद आणि बापूजींची पेन्सिल टेबलावर ठेवली. "तीन महिन्यांचं काम डोक्यात असेलच. सगळा नकाशा नको. खालून माथ्यावर जायची वाट आणि वरचं पाणी, एवढंच काढा. झाडू त्या भागातला आहे. तो पाहून सांगेल."

करंदीकरांनी पेन्सिल उचलली. टोक कागदाला लागलं. भिंतीजवळच्या यंत्राची घंटी वाजली, बल्लारशाहहून पॅसेंजर निघाली होती. रामाजी येरणे यंत्राशी जाऊन परत आले, तरी कागदावर एक टिंबच होतं.

"साहेब," झाडू कोपऱ्यातून म्हणाला, हळू, मदत केल्यासारखं, "वर पाणी नाई जी."

करंदीकरांनी पेन्सिल खाली ठेवली.

घोरपड्यांनी शिपायाकडून बेडी घेतली, क्षणभर हातात तोलली आणि खिशात टाकली. "चला, साहेब. प्रथम वर्गानंच नेतो." मग ते झाडूला म्हणाले, "तुझाही जबाब लागेल. चांद्याला ये, सका..." ते थांबले. बोटांवर मोजून म्हणाले, "गुरुवारी. दहा वाजता."

दाराशी बुधरी उभी होती. "म्हणजे सकाऊन," ती म्हणाली.

"हो बाई," घोरपडे म्हणाले. "सकाऊन."

पॅसेंजर त्यांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या पुढं रामाजी येरण्यांनी गोळा काढून पिशवीत घातला आणि कडं खुंटीवर टांगलं. चैतू सिग्नल पाडून आला. त्यानं कडं घेतलं, मनगटावर तोललं. वजन बराबर होतं. मग त्यानं पट्टा सोडला, आत बोट घातलं आणि पोलादावर कोरलेल्या, त्याला न येणाऱ्या अक्षरांवरून ते एकदा फिरवलं.

पट्टा लावून तो रुळाजवळ गेला आणि हात उंच करून उभा राहिला. मेल न थांबता निघून गेली.